कोपऱ्यातल्या स्टुलावरचं गिऱ्हाईक

बार काढायचा म्हणताय, तर आधी दोघं नीट बसा. लाईट गेलेत, तो दिवा जरा इकडे सरकव. तुझे मामा आत पडलेत, म्हणून हळूच बोलू या. त्यांना काही विचारायचं नाही. जे काय विचारायचं ते मला.

पहिली गोष्ट, जागा भर दुपारी बघायची. संध्याकाळी चार रंगीत दिवे लावले की गोठासुद्धा बार दिसतो. दुपारी शटर उघडून आत उभं राहायचं, वास घ्यायचा, ओल कुठून येते ते बघायचं. मग बर्फवाला पक्का करायचा. एखादी दारू नसली तर गिऱ्हाईक दुसरी घेतं, पण बर्फ संपला की उठून जातं. सूनबाई, संडासाकडे तू स्वतः लक्ष द्यायचं. भाच्यावर सोडलंस तर कल्याणच आहे. आणि पिणाऱ्या माणसाला काउंटरच्या आत उभं करायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना.

म्हणूनच मामा या धंद्यात टिकले. आयुष्यात थेंब घेतला नाही. माझे सासरे दारूपायी गेले, आणि त्यांना हाताला धरून घरी आणायचं काम लहानपणापासून मामांकडेच. पुढे पोटासाठी बारमध्येच काम मिळालं, आणि हात असा बसला की लोक दुसरी गल्ली ओलांडून त्यांच्याकडे यायचे. ते चाखत नसत. नुसत्या वासावर आणि रंगावर त्यांना कळायचं. स्वतःचा बार काढायचा म्हणाले तेव्हा मी एकच अट घातली, की कायम काउंटरच्या आत राहायचं, बाहेर गिऱ्हाइकाच्या जागेवर कधी बसायचं नाही. ते हसले. म्हणाले, अगं, मला बाहेर करमायचंच नाही.

जागा मिळाली ती लांबट, अरुंद. आधीही तिथे बारच होता. जुना काउंटर काळ्या लाकडाचा, चांगला जाडजूड, म्हणून आम्ही तोच ठेवला. स्टुलं जमिनीत पक्की बसवलेली, वरची बैठक तेवढी फिरणारी. अगदी कोपऱ्यातल्या स्टुलावर उजेड पोचायचा नाही. इलेक्ट्रिशियननं तिथे दोनदा दिवा लावला, दोन्ही वेळा तो उडाला. जुनी वायर असेल म्हणून आम्ही विषय सोडून दिला.

उघडायला थोडे दिवस होते. दुपारची वेळ, शटर बरंचसं खाली ओढलेलं. मी ग्लास धूत होते, मामा पाठ करून फळीवर बाटल्या लावत होते. कोपऱ्यातलं स्टूल कुरकुरलं. आणि थकलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "नेहमीचं."

आता इथे या धंद्यातली गोम ऐक. 'नेहमीचं' म्हणजे काय, असं बारमन कधी विचारत नाही. तसं विचारलं की गिऱ्हाइकाला वाटतं, एवढे दिवस येतोय आणि याच्या लेखी मी कुणीच नाही. म्हणून आठवत नसलं तरी चांगला बारमन 'आलंच' म्हणतो आणि अंदाजानं काहीतरी बरोबर करून देतो. मामांनी तेच केलं. वळलेसुद्धा नाहीत. "आलंच," म्हणाले, रममध्ये लिंबू पिळलं, सोडा घातला आणि ग्लास कोपऱ्याकडे सरकवला.

मग आम्ही दोघांनी बघितलं. तिथे कुणीच नव्हतं. स्टुलाची बैठक तेवढी हळूहळू फिरत होती. आणि मला घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीनं. बार अजून उघडलाही नव्हता, मग कुणाचं काही नेहमीचं असेल कसं?

मी म्हटलं, रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं असेल. मामा हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच झालं. मामांनी या वेळी व्हिस्की दिली. आम्ही बघत राहिलो. ग्लासातला बर्फ वितळून वाजत होता, बाकी सगळं चिडीचूप. भिजून अंगावरच वाळलेल्या कोटासारखा वास यायला लागला. मग कोपऱ्यातून एक मोठा सुस्कारा ऐकू आला, मनासारखं न मिळालेल्या माणसाचा. मी मामांचा हात घट्ट धरला. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते भरलेल्या ग्लासाकडे बघत होते.

"माझा ग्लास असा कधी परत आला नव्हता," ते म्हणाले.

घाबरायचं सोडून माणूस दुखावला होता. तिथून त्यांना चैन पडेना. रोज दुपारी नवीन काहीतरी करून बघायचे. कधी लिंबू कमी, कधी कडवट अर्काचे थेंब जास्त, कधी नुसतीच रम. रोज तोच सुस्कारा. उद्घाटन पुढे ढकललं, म्हणाले, आधी याचं जमू दे. घरी रात्रभर तळमळायचे, झोपेत बोट पांघरुणावर गोल गोल फिरायचं, चमच्यानं ढवळल्यासारखं. मी सांगून थकले, की त्याला म्हणा, आम्ही अजून उघडलेलं नाही. तर माझ्यावरच डाफरले. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला ते उठवणार नव्हते.

एका दुपारी या प्रयोगात बर्फ संपला, म्हणून मी आणायला गेले. परत येताना समोरच्या दुकानातल्या घड्याळजींनी मला हाक मारली. फार सज्जन माणूस, उगाच कुणाच्या भानगडीत न पडणारा. त्यांनी विचारलं, तुमचे मिस्टर दुपारी एकटेच कुणासाठी ग्लास भरतात का? मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग त्यांनीच सांगितलं, की आधीचा मालकही असंच करायचा. तोही पीत नव्हता. महिनाभर हरतऱ्हेचं बनवून बघितलं आणि शेवटी कंटाळून, त्या कोपऱ्यातून काय दिसतं ते तरी बघू, म्हणून बाहेर येऊन त्या स्टुलावर बसला.

"मग?"

"मग काय... प्यायला लागला. घरचे ओढून न्यायचे, हा परत येऊन बसायचा. पुढे त्यातच गेला."

बर्फाची पिशवी तिथेच टाकून मी धावले. शटरखालून वाकून आत शिरले. उजेडातून आल्यामुळे आधी काही दिसेना. मग मामा दिसले. कोपऱ्यातल्या स्टुलावर, दोन्ही कोपरं काउंटरवर टेकून, बऱ्याच दिवसांनी घरी आल्यासारखे निवांत बसले होते. पुढे ग्लास, रिकामा. आतला बर्फ अजून अख्खा होता.

"काय बनवलंत हे?" मी ग्लासाकडे बोट केलं.

"मी नाही बनवलं."

"मग कुणी...?"

त्यांनी हनुवटीनं काउंटरच्या आत दाखवलं. तिथे अंधार होता. आणि त्या अंधारात कुणीतरी फडक्यानं ग्लास पुसत होतं... चुई... चुई... थांबून थांबून, सवयीच्या हातानं.

"मी उगाच त्याला काय हवंय ते शोधत बसलो," मामा हळूच म्हणाले. "तो आपल्याच धंद्यातला आहे गं. मी इथे येऊन बसलो, तर त्यानं विचारलंसुद्धा नाही. बरोबर माझं आणून ठेवलं."

"तुमचं? तुमचं असं काही नव्हतंच."

"होतं," ते म्हणाले. "मलाच माहीत नव्हतं."

मी त्यांना अक्षरशः ओढून बाहेर काढलं. जागा सोडली. डिपॉझिट बुडालं, बुडू दे. माझा माणूस हातात राहिला, असं मला वाटलं होतं.

घरात दारूची बाटली नाही. मी त्यांचे खिसे बघते, पाण्याची टाकी बघते, पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून बघते. ते कुठे जात नाहीत. दुपारी याच टेबलाशी बसतात आणि मी समोर बसून त्यांच्यावरची नजर हलवत नाही. पण ते उठून गेले की लाकडावर ओला गोल उमटलेला असतो, ग्लासाच्या बुडाएवढा. आणि त्यांच्या तोंडाला वास येतो. मी गोल पुसते आणि रडते. दुसरं काय करणार?

काल दुपारी ते आडवे व्हायला गेले, मी फडकं घेतलं. त्यांच्यापुढचा गोल पुसला. मग बघते तर दुसरा एक गोल होता, मी बसते त्या बाजूला. माझ्या जिभेवर कसलीतरी चव होती. मी कधी दारूचा थेंबही तोंडाला लावलेला नाही रे. मी तिथेच बसून ती चव कशाची ते शोधत राहिले. गोड म्हणावी तर गोड नव्हती, कडू म्हणावी तर कडूही नव्हती. भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही. इतकं माझ्या मनासारखं आजवर मला कुणीच काही करून दिलं नव्हतं.