एक्केचाळीस नंबरच्या चपला

कात्तमुत्तू त्या रात्री माझ्या दुकानात आला तो नारळ मागायला. शेंडीचा हवा, आणि आत पाणी वाजणारा. सोमवार होता. मासी महिन्यातली पुनव, तीन वर्षांपूर्वीची. रात्रीचे साडेआठ झाले होते. वेळ नक्की सांगतो, कारण समोरच्या जुन्या देवळाचं फाटक उत्सवामुळे त्या दिवशी साडेआठपर्यंत उघडं होतं, आणि पहारेकरी नुकताच कुलूप लावून गेला होता.

हसू नकोस, कयल. नातवंडांना गोष्ट सांगताना ताता दर वेळी ‘खरं घडलेलं’ म्हणतात, असं तू मघाशी तुझ्या भावाच्या कानात म्हणालीस. मला अजून ऐकू येतं. ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही. आज तुम्ही दोघं दिवसभर देवळं बघत हिंडलात. जुन्या देवळाच्या फाटकाशी, उंडीच्या झाडाखाली, चपला ठेवून बिल्ला घेतलात. तो बिल्ला देणारा म्हातारा, तोच कात्तमुत्तू. म्हणून सांगतो.

त्याचं दुकान म्हणजे काय, लाकडी खणांची एक मांडणी. प्रत्येक खणावर खिळा, खिळ्यावर पितळेचा बिल्ला. तुम्ही चपला ठेवल्या की त्या खणाचा बिल्ला तुमच्या हातात. बाहेर आलात की बिल्ला परत, तो पुन्हा खिळ्यावर. खिळा रिकामा दिसला की समजायचं, माणूस अजून आत आहे. बिल्ल्यांवरचे आकडे त्याच्या वडिलांनी खिळ्यानं ठोकून काढलेले. लिहायला येत नव्हतं त्यांना. चारचा पाय नेहमी वाकडा पडायचा.

त्याच्या बायकोचं नाव वडिवू. बोलण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. मी समोर नारळ विकायचो, माझ्यावरून तर ती रोज चार माणसं हसवायची. कुंभकोणमहून आणलेल्या कातडी चपला घालायची, अंगठ्यापाशी लाल गोंडा असलेल्या. तिची चाल जरा बाहेरच्या अंगावर, त्यामुळे डाव्या चपलेची टाच एका बाजूनं झिजलेली.

मी सांगतोय त्या रात्रीच्या अकरा वर्षं आधीची मासी पुनव. सात गावांचे देव समुद्रावर अंघोळीला आले होते. वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती. वडिवूला देवाच्या मागून पाण्यात उतरायचं होतं. तिनं चपला काढल्या, कात्तमुत्तूपुढे ठेवल्या आणि हात पुढे केला.

“बिल्ला दे.”

“तुला कशाला बिल्ला? दुकान तुझंच.”

“दुकान माझं, पण ध्यान तुझं कुठं असतं? माझ्या चपला घालून मद्रासची कुणी बाई निघून जाईल आणि तू तिला वर नमस्कार करशील.”

मी इकडून हसलो. त्यानं एक्केचाळीस नंबरचा बिल्ला काढून दिला. तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून तो बांधला. जाताना वळून म्हणाली, “मी आल्याशिवाय बंद करू नकोस. अनवाणी नाही यायची मी घरी.”

दिवस मावळताना एक मोठी लाट आली. फार मोठी नाही... पण मोठी. सगळे हसत, ओरडत बाहेर आले.

वडिवू आली नाही.

तीन दिवस होड्या फिरल्या. काही हाती लागलं नाही. एक बांगडीसुद्धा नाही.

कात्तमुत्तूनं तिचे दिवस घातले नाहीत. कुणी विषय काढला की तो मांडणीकडे बोट दाखवायचा. चपला इथे आहेत, बिल्ला तिच्याकडे आहे, माणूस आत आहे. एवढंच म्हणायचा. आणि त्यानं दुकान बंद करणं सोडलं. रात्री फळ्या लावायच्या ऐवजी नुसतं तरट सोडायचा. लोक थट्टा करत, देवालासुद्धा कुलूप लागतं, कात्तमुत्तूला नाही. तोही त्यांच्याबरोबर हसायचा. रोज सकाळी त्या चपलांवरची वाळू फडक्यानं पुसायचा. मी बघायचो आणि नारळ सोलत बसायचो.

मुलगी मोठी झाली. तामरै. आई गेली तेव्हा अकरा वर्षांची होती, मी सांगतोय तेव्हा बावीसची. आपल्यात कसं असतं, घरात लग्न निघालं की नवऱ्याआधी गेलेली घरातली बाई पाण्याकाठी जाऊन बोलवून आणतात. तुमच्या आईच्या लग्नातही केलं होतं. कलशात फुलं घालायची, दिवा लावायचा, नारळ फोडायचा, आणि घरच्या कर्त्यानं तीनदा हाक मारायची. तू गेलीस, आता देवी होऊन घरी ये, असं म्हणायचं. ती आली की कलश जड होतो. मग घरी तिच्यापुढे नवी साडी ठेवायची, पान वाढायचं. त्यानंतर मांडव.

‘तू गेलीस’ हे दोन शब्द कात्तमुत्तूच्या तोंडून निघत नव्हते. त्यापायी तामरैची दोन स्थळं मोडली. आईला बोलवल्याशिवाय मुलगी द्यायची ही कुठली रीत, म्हणून ती माणसं उठून गेली. हे तिसरं स्थळ. मुलगा चांगला होता, तामरैला आवडलेला. शुक्रवारी लग्न. तामरैनं बापाला स्पष्ट सांगितलं होतं. मी काही त्या लोकांसाठी म्हणत नाही अप्पा, आई आल्याशिवाय मलाच मांडवात बसायचं नाही. तुम्हाला ती परत यायला हवी आहे. मलाही हवी आहे. मग बोलवत का नाही?

त्या एका प्रश्नानं तो हलला.

तर नारळ घेऊन आम्ही निघालो. तो, मी आणि त्याची थोरली बहीण सिन्नपोण्णू, तामरैची अत्तै. नवऱ्या मुलीनं समुद्रावर जायचं नसतं, म्हणून तामरै घरी थांबली होती. सिन्नपोण्णूच्या काखेत कलश. वाटेत ती मला म्हणाली, आज तोंड उघडलं नाही ना यानं, तर मीच याला पाण्यात ढकलते. अशी ती बाई. पण कलश तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

वाळूवर कुणी नव्हतं. दिवसाची सगळी गर्दी गेलेली. चिरडलेली फुलं, उसाची चिपाडं. पाण्यात गेलेल्या जुन्या दगडी मंडपाचे खांब चांदण्यात स्पष्ट दिसत होते. भरती नव्हती. वारा नव्हता. सिन्नपोण्णूनं दिवा लावला, मी नारळ फोडला. कलश कात्तमुत्तूच्या हातात दिला.

तो उभा राहिला.

“म्हण, तंबी,” सिन्नपोण्णू म्हणाली.

तो समुद्राकडे बघत होता.

“तामरैसाठी म्हण.”

त्याचे ओठ हलले. मी अगदी शेजारी होतो. त्यानं तीनदा हाक मारली, पण सांगितली होती ती नव्हे. हळूच, घरात बोलावं तसं म्हणाला...

“वडिवू, दुकान अजून उघडंच आहे गं.”

तीन वेळा. तेवढंच.

दिवा विझला. वारा नव्हता, हे मी मघाशी सांगितलं.

सिन्नपोण्णूनं कलश हातात घेऊन बघितला. हलका. जसा आणला तसा. तिनं तो पुन्हा काखेत घेतला. मग म्हणाली, तुम्ही पुढे व्हा, मी फुलं सोडून येते. तिला रडायचं होतं, हे आम्हा दोघांना कळलं.

घरी जायच्या आधी कात्तमुत्तूला दुकानावर जायचं होतं. मी बॅटरी घेऊन बरोबर गेलो. दहाला दहा कमी होते. उंडीच्या झाडाखाली काळोख होता. चांदणं तिथं पोचत नाही.

तरट बाजूला सरलेलं होतं.

मी बॅटरी मारली. एक्केचाळीसचा खण रिकामा.

मला आधी वाटलं, पोरांनी थट्टा केली. तसं म्हणालोही. त्यानं माझा हात धरून बॅटरी जरा वर केली. खणावरच्या खिळ्यावर...

खिळ्यावर बिल्ला होता.

हिरवा पडलेला. कडेनं खाल्लेला. चारचा पाय वाकडा. त्याच्या खालच्या कडेला एक थेंब जमत होता. जमला. पडला. मग दुसरा.

चपला कुणीही चोरील. पण तो बिल्ला कुठून आणील?

कात्तमुत्तूनं हात लावला नाही. तो खाली बघत होता. दुकानापासून देवळाच्या फरसबंदीवर ओले ठसे होते. पायांचे नाहीत. चपलांचे. डाव्या टाचेचा ठसा अर्धाच उठलेला. मी बॅटरी मागे फिरवली, पुढे फिरवली. समुद्राकडून दुकानाकडे आलेला एकही ठसा नव्हता. दुकानापासून निघालेले तेवढे होते.

आणि ते समुद्राकडे जात नव्हते.

आम्ही त्यांच्या मागून निघालो. रथाचा रस्ता. मग बोळ. दारं बंद. कात्तमुत्तू ठशांवर पाय देत नव्हता. त्यांच्या डाव्या बाजूनं चालत होता. थोडं अंतर ठेवून. ती असताना चालायचा, तसाच. मी मागे राहिलो. का कोण जाणे, तिथं तिसऱ्यानं चालू नये असं वाटलं.

बोळ वळला. त्याचं घर. ठसे पायरीपाशी संपले.

पायरीवर चपला होत्या.

जोडीनं ठेवलेल्या. लाल गोंडे. अंगठे घराकडे.

दार उघडं होतं. आत दिवा. नवी साडी ताटात ठेवलेली. तामरै आमच्याकडे पाठ करून फुलं गुंफत बसली होती. पावलं ऐकून तिनं मान वळवली. आम्हा दोघांकडे बघितलं. मग आतल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

“तुम्ही आत्ता येताय?” ती म्हणाली. “मग मघाशी... अत्तै एकटीच पुढे आली का?”

कात्तमुत्तू पायरीवरच्या चपलांकडे बघत होता.

“मी म्हटलं, अत्तै, पाय पुसून जा आत. बोलली नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली आत. हात किती गार होता तिचा...”

तेवढ्यात बोळातून कुणी आलं. आम्ही तिघांनी वळून बघितलं.

सिन्नपोण्णू. काखेत रिकामा कलश.

तिनं पायरीवरच्या चपला बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग स्वतःच्या चपला दूर, भिंतीकडेला काढल्या. स्वयंपाकघराकडे बघितलं. तिथं दिवा नव्हता. कुणी हललं नाही. कुणी आत जाऊनही बघितलं नाही.

“पाट मांड, तामरै,” ती अगदी हळू म्हणाली. “पान वाढ. आई दमून आली असेल.”

तामरैच्या हातातली फुलं खाली पडली. ती उठली. पाट मांडला. केळीचं पान ठेवलं. भात तिनं नीट वाढला, एक शीत सांडू दिलं नाही. नवी साडी पाटाशेजारी ठेवली. मग आम्ही चौघं ओसरीवर येऊन बसलो. दाराकडे पाठ करून. जेवणाऱ्या माणसाकडे बघू नये...

आतून काही आवाज आला का, असं विचारू नका. मी सांगणार नाही.

शुक्रवारी लग्न झालं. तामरै आता तंजावूरला असते, तिला एक मुलगी आहे. लग्नाच्या आधी, मंगळवारी रात्री, कात्तमुत्तू माझ्याकडे आला आणि म्हणाला, अण्णा, दोन फळ्या असतील तर दे. त्याच्या फळ्या अकरा वर्षांत वाळवीनं खाल्ल्या होत्या. मी माझ्या दिल्या. नवाच्या ठोक्याला त्यानं दुकान बंद केलं, फळ्या लावल्या, आणि घरी गेला. तेव्हापासून रोज नवाला बंद करतो. तुम्ही आज बघितलंतच की, समुद्रावर रेंगाळून उशीर केलात म्हणून तुम्हाला कसा ओरडला तो. एक्केचाळीसचा बिल्ला मात्र कुणाला देत नाही.

नाही, कयल, त्या चपला त्यानं उचलल्या नाहीत. पायरीवर आहेत तशाच आहेत. अंगठे घराकडे. येणारा जाणारा आपल्या चपला जरा लांब काढतो. नवा पोस्टमन आला की दारातून हाक मारतो, अम्मा, सही करा. कात्तमुत्तू बाहेर येऊन सही करतो. अम्मा आत आहेत, म्हणतो.

परवा संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो होतो. पायरीला पश्चिमेचं ऊन लागतं. दगड इतका तापला होता की अनवाणी पाय ठेववेना. अशा उन्हात तीन उन्हाळे त्या चपला तिथं आहेत. कातडं वाळून तडकायला हवं होतं.

मी वाकलो. कुणी बघत नाही असं बघून डाव्या चपलेच्या आत, टाचेपाशी, बोट लावलं.

बोट ओलं झालं. जिभेला लावून बघितलं...

खारट होतं.