दोघांत एक शर्ट

हे लिहिणारच नव्हतो. ऑरिन आमच्यातला, आणि आमच्यात कुणी कुणाची लाज चव्हाट्यावर आणत नाही. पण त्याने स्वतःच ती आणली, भर शेडमध्ये, ओरडून... मग मी कशाला गप्प बसू?

कॅलिफोर्नियात जर्दाळू पिकले की आमच्यासारखे मजूर पाठीवर घोंगडीची गुंडाळी टाकून येतात. बहुतेक सगळे एकटे. ऑरिन मात्र हॉयटबरोबर यायचा. मळणीयंत्रावर काम करून करून हॉयटचे कान गेले होते. एकाने काहीच नाही, दुसऱ्याने थोडंसं. म्हणून तो साधं मीठ मागितलं तरी ओरडून मागायचा. दोघांत चांगला शर्ट एकच, निळा. एका शनिवारी ऑरिन घालून नाचाला जायचा, पुढच्या शनिवारी हॉयट.

त्या शनिवारी पाळी ऑरिनची. सरबताच्या टेबलाशी तो वळला आणि एका मुलीचा पेला त्याच्या कोपराला लागून शर्टावर सांडला. ती नेल्डा, शेडमध्ये जर्दाळू चिरणारी.

"थांबा, पुसते... नको, माझी बोटं पिवळी आहेत. साबणानेही रंग जात नाही."

"लागू दे की डाग," ऑरिन म्हणाला. "तेवढीच आठवण."

"सगळ्यांना असंच म्हणता?"

"नाही... सगळ्या कुठे सांडतात."

ती हसली. मग जवळ वाकून बघत राहिली. "झिजलेली कॉलर उलटवून शिवलीय ना? किती बारीक टाके. कुणी घातले?"

घातले होते हॉयटने. तो बाहेर कुंपणावर बनियनमध्ये बसला होता आणि घेवड्याच्या उसळीने पोटात काय गडबड केली ते कुणाला तरी ओरडून सांगत होता. सगळे हसत होते. नेल्डाही.

"आईने," ऑरिन म्हणाला.

"आणि तो ओरडणारा? तुमच्याबरोबरच आला ना?"

"तो? असाच... वाटेत भेटला."

पुढचा शनिवार हॉयटचा होता. नेल्डाने टाके वाखाणल्याचं सांगून ऑरिनने शर्ट मागितला.

"जा रे, घेऊन जा," हॉयट ओरडला. "तिला सांग, टाके माझे आहेत."

ऑरिनने मान हलवली. सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. नाचताना नेल्डाचा हात त्या कॉलरपाशी यायचा आणि ऑरिनचे कान तापायचे... तिला वाटायचं, तिच्यामुळे.

सोमवारी तो फळांच्या पेट्या घेऊन शेडमध्ये आला. मागे एक पेटी घेऊन हॉयटही होता. नेल्डाने सुरी खाली ठेवली नाही.

"तुमची आई भेटली काल नदीवर," ती हळूच म्हणाली. "अंगाला घोंगडी गुंडाळून निळा शर्ट धूत होती, टाके आपलेच म्हणून ओरडून सांगत होती. मिशा आहेत हो तिला."

ऑरिनने पेट्या टेबलावर टेकवल्या.

"खोट्याचं एवढं नाही. पण जो तुमच्यासाठी उघडा बसतो, तो वाटेत भेटलेला? मग उद्या दुसऱ्या गावात कुणी विचारलं, तर मी कोण असेन?"

"काय म्हणतेय ती?" हॉयटने विचारलं.

हळू सांगून उपयोग नव्हता. ऑरिनने डोळे मिटले आणि ओरडला, "मी तिला म्हणालो तू माझा कुणी नाहीस. शर्ट आईने शिवला म्हणालो. मला तुझी लाज वाटत होती."

सगळ्या सुऱ्या थांबल्या. हॉयटने पेटी सावकाश खाली ठेवली.

"माझ्या ओरडण्याची?" आयुष्यात पहिल्यांदा तो इतकं हळू बोलला.

"हो."

"मग आता तू का ओरडतोयस?"

एक बाई फिसकन हसली, मग सगळ्याच. हॉयट हसला नाही, पण पेटी उचलून गेलाही नाही. नेल्डाने एक जर्दाळू चिरला, अर्धा ऑरिनच्या हातावर ठेवला, अर्धा हॉयटच्या.

"शनिवारी शर्ट कुणाचा?" तिने ऑरिनला विचारलं. "आणि ऐक... बनियनवरही नाचता येतं."

ऑरिन हॉयटच्या बऱ्या कानाशी गेला आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हणाला, "शनिवारी शर्ट तुझा. मी बनियनवर तुझ्या शेजारी उभा राहीन. कुणी विचारलं तर सांगेन, हा माझा जोडीदार. नाही विचारलं तरी सांगेन."