झुंबारच्या गादीवर सेनापती

"राजलक्ष्मी, आमच्या साम्राज्यात बंड झालं. सम्राट बेपत्ता. गादीवर सेनापती बसलाय!"

एवढं बोलून गुरुमूर्तींनी अंगवस्त्रानं कपाळ पुसलं. पंचाहत्तरीचा माणूस, सरस्वतीपूजेच्या दिवशी सकाळी साडेसातला, कॉफीसुद्धा न घेता मोपेडवरून आलेला. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं सेतुरामला वाटलं.

त्याच्या अक्काला तसं काही वाटलं नाही. राजलक्ष्मीनं वीस वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते. मग सगळीकडे स्वेच्छानिवृत्तीचं वारं सुटलं, तेव्हा तिनंही ती घेतली आणि राजवाड्यामागच्या गल्लीत 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. सेतुराम शेजारीच एसटीडी बूथ चालवायचा आणि उरलेल्या वेळात अक्काबरोबर हिंडायचा. तपासात त्याचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "तो चुकीचं बोलतो, म्हणून मला बरोबर सुचतं."

"सम्राट काल रात्री जागेवर होता?" तिनं विचारलं.

"नऊ वाजता समई मीच शांत केली. तेव्हा होता. सकाळी सातला पाहतो, तर नाही! मी उंबऱ्यातूनच पाहिलं हो. आत पाऊल टाकतो तर कोलमची रांगोळी मोडली असती, आणि आमच्या हिनं, शेषम्मानं, माझी सालं काढली असती."

सेतुराम नऊही दिवस गुरुमूर्तींकडे कोलू, पायऱ्यांवर मांडलेली बाहुल्यांची आरास, बघायला जायचा, म्हणजे खरं तर प्रसादाची उसळ, सुंडल, खायला. त्यामुळे साम्राज्याची हकिगत अक्कानं त्याला वाटेत पहिल्यापासून सांगितली.

सोळा वर्षांपूर्वी गुरुमूर्तींची नात हरिणी शिकायला आजोळी आली. आठ वर्षांची पोर, आईच्या आठवणीनं रडायची. तिला रमवायला अज्जानं एक दूरचा ग्रह काढला, झुंबार. तिथली माणसं निळी, तीन डोळ्यांची. तिथे सम्राट नावाला आणि राज्य सेनेचं. दर नवरात्रात कोलूच्या पायऱ्यांसमोर फळीवर झुंबारचा दरबार मांडायचा आणि राजसभा भरवायची. सभासद तीन. गुरुमूर्ती सम्राटातर्फे, हरिणी प्रजेतर्फे आणि समोरच्या घरातले निवृत्त सुभेदार सांबशिव सेनेतर्फे. भांडून भांडून त्यांनी कायद्याची वहीच्या वही भरली होती.

"आणि उद्या संध्याकाळच्या गाडीनं हरिणी मद्रासला, तिथून अमेरिकेला," राजलक्ष्मी म्हणाली. "संगणकाची नोकरी. म्हातारा सम्राटासाठी धावत आला नाही, सेतू."

खोली अरुंद होती. मागे पांढऱ्या कापडानं झाकलेल्या नऊ पायऱ्या आणि त्यांवर देव, राजे, चेट्टियार वाणी नि त्याची बायको. त्यांच्यापुढे झुंबारची फळी, आणि फळीपासून उंबऱ्यापर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तांदळाच्या पिठाचा कोलम. वाळून पांढराशुभ्र झालेला, एक रेघही फिसकटलेली नाही. कोपऱ्यातल्या चौरंगावर पुस्तकांची चळत पूजेला ठेवली होती, दसऱ्यापर्यंत न उघडण्याची. तिच्यात झुंबारची वहीही होती.

सम्राट ओंबा म्हणजे मान डोलावणारी तंजावुरी बाहुली. कुणी काहीही म्हणो, त्याची मान होकाराचीच. सेनापती कर्कट मात्र भरीव मातीचा, त्याची मान हलायची नाही. "म्हणून तर राज्य त्याचं चालतं," असं गुरुमूर्ती पाहुण्यांना सांगायचे. आज तो कर्कट खुद्द गादीवर बसला होता, आणि सात पलटणींचे सात शिपाई गादीकडे पाठ करून उभे होते.

"पाठ का केलीय?" सेतुरामनं विचारलं.

"कलम एकोणीस," गुरुमूर्ती म्हणाले. "सातही पलटणींनी पाठ फिरवल्याविना सेनापतीला गादीवर बसता येत नाही."

"म्हणजे चोराला कायदा ठाऊक आहे, आणि वही तर कालपासून पूजेत," राजलक्ष्मी म्हणाली. "चोराला तोंडपाठ आहे."

सुभेदार सांबशिव ओसरीवर ताठ बसले होते. "माझ्यावर संशय? घ्या! पहाटे पाचला मी मैदानावर चालायला गेलो, आलो साडेसहाला. अहो, खऱ्या सैन्यात अठ्ठावीस वर्षं काढली, कुठल्या गादीकडे डोळा वर करून पाहिलं नाही. आणि ह्या गृहस्थानं सोळा वर्षं माझ्या सेनेला कारस्थानी ठरवून दर वर्षी हरवलं. बंड करीन तर दिवसाढवळ्या करीन, बिगुल वाजवून!"

हरिणी माजघरात सुटकेसजवळ बसली होती. सुटकेसला काथ्याची दोरी आवळून बांधलेली, हरिणीच्या हातात स्वेटर आणि डोळे लाल.

"हा आत घालायचा राहिला," ती म्हणाली. "पहाटे उठले, तर अज्जीनं बांधूनसुद्धा टाकली होती. आता सोडायची नाही म्हणे, अपशकुन होतो."

"आज संध्याकाळी सभा होती ना?"

"शेवटची. सम्राट सेनापतीची तलवार काढून घेणार, आणि मग झुंबार कायमचं पेटीत. अज्जा म्हणतात, अर्धी गोष्ट मागे टाकून जाऊ नये." तिनं स्वेटर मांडीवर चुरगळला. "आपण होऊन मिटवलेलं बरं, असं वाटतं त्यांना. मी परत येईन, ह्यावर त्यांचा विश्वासच नाही."

"आणि सेना गादीवर बसली तर?"

"मग कलम वीस. सभा बोलवावी लागते, एवढंच आठवतं. वहीला उद्या सकाळपर्यंत हात लावता येत नाही."

शेषम्मा चुलीपाशी होत्या. "मज काय ठाऊक ते निळं खूळ?" त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "सोळा वर्षांत मी त्या फळीकडे ढुंकून पाहिलं नाही. पाचला उठले, दाराची कडी काढली, कोलम घातला, इकडे आले. आणि सेतू, काल सुंडल घेताना तुझं कोपर लागून तिसऱ्या पायरीवरचा चेट्टियार बोटभर सरकला. कोलम घालण्याआधी मीच नीट केला. डोळे कोठे असतात रे तुझे?"

सेतुरामनं जीभ चावली. त्याला तर धक्का लागल्याचं कळलंही नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यानं मत दिलं. "अक्का, हरिणीच. आठवण म्हणून घेतला असणार सम्राट. नाहीतर सुभेदार."

"शाबास," राजलक्ष्मी म्हणाली. "आता सुटलं."

दुपारी पूजा झाली, जेवणं झाली. तिनं सगळ्यांना कोलूच्या उंबऱ्याशी बोलावलं.

"सात वाजता गुरुमूर्तींनी बंड पाहिलं, तेव्हा कोलम अखंड होता," ती म्हणाली. "भिंतीपासून भिंतीपर्यंत कोलम. तो मोडल्याविना फळीला कुणाचा हात पोचत नाही. म्हणजे बंड कोलमच्या आधी झालं, पाचच्या आधी. तोवर दाराला आतून कडी. सुभेदार सुटले."

सांबशिवांनी मिशीवरून हात फिरवला.

"मग हरिणीच! रात्री केलं असेल," सेतुराम म्हणाला.

"तसं असतं, तर पहाटे इथे बसून कोलम घालणारीला दिसलं नसतं? फळी तिच्यापासून हातभर. जिला वरच्या पायरीवरचा चेट्टियार बोटभर सरकलेला दिसतो, तिला गादीवरचा कर्कट नि पाठमोरे सात शिपाई दिसत नाहीत? दिसले असते, तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण गप्प राहिली. कारण ते तिनंच केलं होतं."

शेषम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"तिला? अगं, तिला झुंबारमधलं ओ की ठो कळत नाही!" गुरुमूर्ती म्हणाले.

"सोळा वर्षं तुमची सभा इथे भरते आणि स्वयंपाकघराचं दार उघडं असतं. मामी, कलम वीस कुणालाच धड आठवत नाही. वही पूजेत. तुम्हीच सांगा."

शेषम्मांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग हात जोडून, स्तोत्र म्हणतात त्या चालीवर, त्या म्हणू लागल्या, "कलम वीस. सेनेनं गादी घेतली, तर पुढच्या नवरात्रात राजसभा भरावी. तिन्ही सभासदांनी जातीनं हजर असावं. एक जरी गैरहजर राहिला, तर झुंबार कायमचं सेनेचं. आणि सम्राटास ज्यानं आसरा दिला, त्यानंच त्यास परत आणावं."

"सम्राट सुटकेसमध्ये आहे," राजलक्ष्मी हळूच म्हणाली. "म्हणून पहाटेच दोरी."

"वत्तलच्या वाळवणाच्या डब्याशेजारी, सोवळ्याच्या पंच्यात गुंडाळून," शेषम्मा म्हणाल्या, आणि त्यांचा बांध फुटला. "ह्यांस वाटतं, गोष्ट पुरी करून पोरीस मोकळं करावं. मज नाही करायचं मोकळं! पत्र लिहू म्हणून म्हटलं, तर मज लिहिता येत नाही. फोनवर तीन मिनिटांत काय बोलू? ये म्हणून मी सांगितलं तर म्हणेल, रजा नाही. पण झुंबारचा कायदा तिनं कधी मोडला नाही."

हरिणीनं अज्जीच्या कुशीत तोंड खुपसलं, आठ वर्षांची असताना खुपसायची तसंच. सेतुरामचेही डोळे भरून आले आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

"येईन," डोळे पुसून ती म्हणाली. "सम्राटाला घेऊन येईन. पुढच्या नवरात्रात."

गुरुमूर्तींनी चष्मा काढून पुसला. सोळा वर्षं दर नवरात्रात त्यांनी सेनेला हरवलं होतं. सेनेनं राज्यकारभारात नाक खुपसू नये, यावर त्यांची भाषणं अख्ख्या गल्लीला पाठ होती.

"यंदा," ते घसा खाकरून म्हणाले, "सेनेला राहू दे गादीवर."

सुभेदार सांबशिवांनी उठून शेषम्मांना खाडकन सलाम ठोकला.

राजलक्ष्मीनं फी म्हणून दोन वाट्या सुंडल मागितलं आणि एक सेतुरामला दिली. ती दोघं निघाली तेव्हा गुरुमूर्ती कोलूकडे बघत उभे होते. उद्या विजयादशमी, रात्री एक बाहुली आडवी करून निजवायची आणि कोलू उठवायचा, ही रीत.

"उद्या कर्कटालाच निजवू, काय?" त्यांनी विचारलं. "दमला असेल बिचारा, बंड करून."

"त्यास नाही निजवायचं," शेषम्मा म्हणाल्या. "पेटीतसुद्धा उभाच ठेवणार मी. पोरगी येईपर्यंत पहारा कोण करील?"