गार ठिपका

आमच्या मिरजगावच्या घराच्या गच्चीवर ॲल्युमिनिअमच्या दोन कांड्या फाकवून बांधलेल्या आहेत. लोकांना ती डिशची मोडकी छत्री वाटते. माझे मिस्टर ज्ञानेश्वर तिच्यावर एका जुन्या हवामान उपग्रहाची चित्रं उतरवत आणि कांदा काढायचा की थांबायचं ते गावाला सांगत. फिजिक्स शिकवते मी, पण गावाचा विश्वास त्यांच्यावर.

मार्गशीर्षात ते अपघातात गेले. मी रडले नाही. रडतात त्या सासूबाई, छबूबाई. रोज चुलीपाशी बसून लेकाचं नाव घेत हमसून रडतात. ते ऐकलं की घरात कुणीतरी जिवंत आहे असं वाटतं.

तो उपग्रह त्यांच्याही आधी, ऑगस्टात, कायमचा बंद केला होता. साडेआठशे किलोमीटर वरून अजून फिरतो, पण मुका. वैशाखात एका सकाळी, विकण्याआधी चालतो का पाहावं म्हणून मी गच्चीवर मिस्टरांचा रिसीव्हर लावला, तर स्पीकरवर त्या मुक्या उपग्रहाचीच टकटक. सेकंदाला दोन ओळी, असं चित्र हळूहळू उतरू लागलं.

उष्णतेचं चित्र होतं. तापलेलं काळं, गार ते पांढरं. सगळा जिल्हा काळा, ढग नावालाही नाही. फक्त संगमनेरवर एक पांढरा ठिपका. या उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे चार किलोमीटर. वैशाखात एवढी गार जागा असत नाही. काहीतरी बिघाड असेल म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ठिपका बेलापूरवर होता. तिथं माझी धाकटी बहीण दिपाली दिलेली आहे. मी फोन केला.

"ऊन कसं आहे गं?"

"लई हाय म्हनत्यात. मला लागंना."

"म्हणजे?"

"उकळता चहा प्याले, ताई. जीभ पोळली, ती ह्यांनी आरशात दाखवली तवा कळलं. भाऊजी गेल्याचं मला आता काईच वाटत न्हाई. तुला वाटतं का?"

मी फोन ठेवून दिला.

मग राहुरी. मग नगर. ठिपका आमच्याच रस्त्यानं येत होता. स्वतःसाठी मला भीती वाटली नाही. सासूबाईंचं रडणं थांबेल, याची मात्र वाटली. ज्ञानेश्वरसाठी रडणारं तेवढंच माणूस उरलं होतं. त्यांना करमाळ्याला मावशींकडे न्यायचं ठरवून मी पिशव्या भरल्या.

सकाळी चित्र उतरू लागलं. नगरची ओळ आली. काळी; ठिपका तिथून पुढे सरकला होता. पुढच्या ओळींसाठी मी थांबले नाही, तशीच खाली धावले.

"आई, चला. एसटीची वेळ झाली."

"भाकरी हू दे."

मी पिशव्या उचलायला वळले. करपल्याचा वास आला.

भाकरी अजून परातीतच होती. तव्यावर त्यांचा हात होता.

मी तो ओढून काढला. सासूबाई तळव्याकडे पाहत राहिल्या. डोळे कोरडे.

"बरं वाटतंय गं," त्या म्हणाल्या. "ज्ञानूचं आता काई टोचत न्हाई."

मी चुलीवरचा तवा दोन्ही हातांनी उचलला आणि मोरीत नेऊन ठेवला. पाणी चरचरलं.

तवा धरायचं फडकं माझ्या खांद्यावरच होतं.