राखाडी फळी

आमच्या प्रयोगात पक्षाघातानंतर एक हात लुळा पडलेली माणसं होती. टेबलावर मधोमध आरसा उभा करायचा. चांगला हात पुढे, लुळा मागे. चांगला हात हलवत आरशात बघितलं की लुळाच हलतोय असं मेंदूला वाटतं, आणि कधीकधी तो खरंच हलू लागतो. तुलनेसाठी अर्ध्या लोकांसमोर आरशाऐवजी राखाडी रंगाची फळी ठेवायची. हे त्यांना सांगायचं नाही, असा नियम. मी फिजिओथेरपिस्ट, नियमाला पक्की.

टेलरकाकांच्या वाट्याला फळी आली. डावा हात गेला होता.

"कातरी उजव्यानं चालवीन हो," ते म्हणाले, "पण कापड धरायला हा लागतो. नाहीतर दुकान गेलंच समजा."

"समोर बघत राहा, काका. फरक पडेल," मी म्हटलं. नियमात नसलेलं हे खोटं मी रोज बोलायची आणि घरी जाऊन स्वतःचीच लाज वाटून घ्यायची.

दुसऱ्या आठवड्यात काका म्हणाले, "दिसतो आता."

"काय?"

"हात. हळूहळू हलतो, माझ्या उजव्याच्या मागोमाग."

फळीचा रंग इतका मंद होता की तिच्यात चेहराही उमटत नव्हता. सावली असेल, म्हणून मी दिवा बाजूला केला. काका बघतच राहिले.

"बायकी हात आहे," ते संकोचून हसले. "अंगठ्याखाली तीळ आहे."

मी माझा डावा हात टेबलाखाली घेतला.

पुढे त्यांचं एक बोट हललं. मग मूठ मिटू लागली. फळीवाल्यांपैकी दुसऱ्या कुणाचं असं झालं नव्हतं. काकांना न्यायला आलेल्या काकूंनी माझे दोन्ही हात धरले.

"तुमच्या हाताला गुण आहे, ताई."

मला मान वर करवेना. डाव्या हाताला त्यांची बोटं जेमतेम कळली. शरमेनं बधिर झाला असेल, अशी मी समजूत घातली.

शेवटी मला राहवलं नाही. काकांशेजारी बसून मी सांगून टाकलं, "काका, ही नुसती फळी आहे. मी तुम्हाला फसवलं. उद्यापासून खरा आरसा लावू."

काकांनी फळीवरून उजवा हात फिरवला.

"आरसा नाही, एवढं कळत होतं की मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचा हात रोज यायचा. मला वाटलं, तुम्ही मनानंच देताय." त्यांनी मान खाली घातली. "नंतर शंका आली. विचारायची लाज वाटली. पण दुकान होतं ना डोळ्यांसमोर."

मी फळी काढायला गेले. उजवा हात उठला. डावा मांडीवरून हललाच नाही.

काकांनी तो उचलला. स्वतःच्या डाव्या हातानं.

फळीच्या मागे ठेवला.

कापडाच्या सुरकुत्या काढाव्यात तशी त्यांनी माझी बोटं एकेक करून सरळ केली. मी वाकून बघत होते, म्हणून मला ते कळलं.