चांदीच्या तारेवरचं बी

मूल गावच्या बंद पडलेल्या राईस मिलमध्ये पंच्याऐंशी साली धानाऐवजी स्फटिक पिकत. जाड पोलादी भांड्यात जस्ताचं ऑक्साइड आणि दाहक क्षाराचं पाणी घालायचं, चांदीच्या तारेला जुन्या स्फटिकाची चकती टांगायची, झाकण आवळून भांडं भट्टीत ठेवायचं. आतल्या प्रचंड दाबाखाली ऑक्साइड विरघळतं आणि कणाकणानं त्या चकतीवर बसतं. तिथं काम करणारे मनकर्णा आणि श्रीहरी चकतीला ‘बी’ म्हणत. मग महिनाभर भांड्याला हात लावायचा नाही. गरम असताना उघडलं, तर छप्पर उडेल.

मनकर्णानं वाढवलेला पहिला निर्दोष स्फटिक मधाच्या रंगाचा निघाला. तो दाखवला की नागपूरच्या प्रयोगशाळेत तिला संशोधनाची जागा मिळणार होती. नेमकी ती तापानं पडली, म्हणून श्रीहरी तो घेऊन गेला. त्याआधी तिनं स्फटिकाच्या कडेची एक चकती कापून ठेवली. सगळं धान विकलं तरी बियाणं घरातच राहतं, ही तिच्या आईची शिस्त.

“यष्टीत फुटला ना बाई,” तो परत येऊन म्हणाला. “फेकून देला मी.” पुढच्या महिन्यात त्याला नागपुरात ‘दुसरं काम’ मिळालं.

मनकर्णानं ती चकती टांगली. नवा स्फटिक नितळ निघाला, फक्त मधोमध एक आरपार गोल छिद्र होतं. स्फटिकाला भेग जाते, पैलू चुकतात. छिद्र पडत नाही. त्याच्या कडेला तर ड्रिलचे ताजे ओरखडे होते.

कुणाला तरी विचारावं म्हणून ती नागपूरला गेली. प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात तिचा स्फटिक उभा होता, अखंड. छिद्र पाडून त्यात खिळा बसवला होता. खाली श्रीहरीचं नाव होतं.

तिनं आपला स्फटिक काचेला लावला. छिद्रासमोर छिद्र आलं.

ती परतली आणि नव्या स्फटिकातून बी कापून टांगलं.

या वेळी छिद्र नव्हतं. आत, खोलवर, अंगठ्याची वलयं होती. थोडं नखही. धुऊन ठेवला तरी स्फटिक गार पडेना.

तिनं त्यातून पुन्हा बी कापलं, भट्टी लावली.

मग श्रीहरी आला. उजव्या हाताला पट्टी.

“कापायच्या चाकात आंगठा गेला. तुकडा सापडलाच नाई.”

तिनं स्फटिक टेबलावर ठेवला. त्यानं आतलं नख ओळखलं.

“चुकलं मनकर्णा. तुह्या नावानं लिहून देतो सारं.”

मागे भट्टी घुमत होती.

“ते... चालू हाये?”

“हो.”

“बंद कर ना बाई! उघड ते!”

“गरम भांडं उघडत नाई, भाऊ. तुले मालूम हाये.”

बटण तिच्या हाताशीच होतं. हात हलला नाही.

त्यानं दोन्ही हात हळूच काखेत घातले.

“बी मागच्याएवढंच हाये ना?”

तिनं दाबाच्या काट्याकडे पाहिलं.

“नाई. या बारीले मोठं टांगलं.”