स्वरक झोपला तेव्हा

पोह्यांच्या ताटल्या रिकाम्या झाल्या आणि मुलाकडच्यांनी हसत हसत मुद्दा काढला: लग्नानंतर इराने नोकरी सोडावी. इराची आजी, वत्सलाबाई निंभोरकर, खुर्चीत सरसावून बसल्या. जळगावच्या कोर्टात उलटतपासण्या घेण्यात उभी हयात गेलेली बाई ती, गप्प बसते थोडीच! त्यांनी ओठ हलवले. आवाज आला नाही.

कर्करोगात स्वरयंत्र गेल्यापासून बाईंच्या गळ्याला 'स्वरक' होता. ती चकती स्नायूंची हालचाल टिपायची आणि कमरेचा छोटा संगणक बाईंच्याच जुन्या आवाजात बोलायचा. ऐन वेळी तो झोपला होता.

"आजी काही बोलत नाहीत, म्हणजे त्यांचीही संमती," पाहुणे म्हणाले. बाईंनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली, तर त्यांचा मुलगा, इराचा बाबा अभय म्हणाला, "थकलीय ती."

पाहुण्यांची गाडी वळली आणि स्वरक आपोआप जागा झाला. यंत्राला अक्कल नसते म्हणतात. याला पाहुण्यांची चाहूल बरी लागत होती!

"जुनं झालंय, आई. बदलू आपण," अभय म्हणाला.

"माझ्याहून जुनं नाही!" बाई कडाडल्या. "इरा, याची झोपण्या-उठण्याची नोंद उघड."

संगणक कधी झोपला, कधी उठला आणि कशामुळे, हे तो स्वतःच टिपून ठेवतो. इराने ती नोंद पडद्यावर आणली. बाईंनी साक्षीदार तपासायला घेतला.

"बॅटरी?"

"भरपूर होती."

"तापला होता?"

"नाही."

"काम नाही म्हणून झोपला?"

"नाही, आजी. तू बोलू बघत होतीस, तेही टिपलंय. झोपेचं कारण, बाहेरून आलेला आदेश. जागं होण्याचंही तेच." इरा अडखळली. "आदेश बाबांच्या फोनवरून आलाय. भाऊबीजेलाही तसंच. तू काकांवर चिडली होतीस तेव्हा."

अभयची नजर खाली गेली. "काळजीपोटी ती सोय माझ्या फोनवर घेतली होती, आई. चार लोकांत तू काहीही बोलतेस. जमत आलेलं मोडलं असतं."

"मोडू दे! डॉक्टरांनी गळा कापण्याआधी माझी सही तरी घेतली होती. तू तेवढंही केलं नाहीस."

बाईंनी अभयच्या फोनची परवानगी तिथल्या तिथे काढायला लावली. मग मुलाकडच्यांना फोन जोडायला सांगितला. "आई, नको," अभय म्हणत राहिला.

"नमस्कार. मघाशी मी गप्प नव्हते, मला गप्प केलं होतं. माझी संमती नाही. इराची आहे का, हे तिला विचारलंत का तुम्ही?"

बाई नातीकडे वळल्या.

"आणि तू गं? तुझा गळा तर शाबूत आहे. तुला कोणी झोपवलं होतं?"